इमो नदीच्या मुखाशी दहा गुंठे निपा : कामाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२३, शनिवार

जागा ठरली. नायजेरियाच्या आग्नेय किनाऱ्यावर इमो नदी समुद्राला मिळते, तिथे ओपोबोच्या बाजूला एक आतली खाडी आहे. तिच्या काठचा ४० मीटर लांब, २५ मीटर रुंद पट्टा गावाने आम्हाला दिला, ताडाच्या जातीचा निपा काढून पुन्हा खारफुटी लावायला. आपल्या हिशेबात दहा गुंठ्यांना जरा कमीच. पोर्ट हार्कोर्टहून गाडीने दोन तास आणि पुढे होडीने चाळीस मिनिटं. नोकरी सांभाळून करायचं म्हणजे काम शनिवारीच. पैसा मित्रांच्या वर्गणीतला.

पूर्वी हा सगळा काठ लाल खारफुटीचा होता, आपल्या कांदळाच्याच जातकुळीतली. आता उभा आहे तो निपा. लांबून पाहिलं तर नारळाच्या झावळ्या चिखलात खोचून ठेवल्यासारखं दिसतं. खोड वर नाहीच, ते चिखलाखाली आडवं पसरतं, जागोजागी दोन-दोन फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला सात-आठ मीटरच्या झावळ्यांचा एक झुबका. आज दोरी धरून झुबके मोजले : ३१०. खाली अंधार. एक निवटा, म्हणजे चिखलावर उड्या मारणारा मासा, दिसला नाही. शेजारच्या शिल्लक खारफुटीत मात्र पाऊल ठेवलं की निवटे उड्या मारतात.

बरोबर गावातल्या सहा बायका, दोन कोयतेवाले, एक होडीवाला. बायका चिखलातले पेरिविंकल वेचून विकतात, म्हणजे लांबट, टोकदार शंखाच्या गोगलगाई. इथल्या रश्श्यात त्या हव्यातच. निपाखाली त्या मिळत नाहीत, म्हणून बायकांना दरवर्षी आणखी लांब वल्हवत जावं लागतं. त्यांच्यातल्या थोरल्या बाईंना सगळे ‘मामा’ म्हणतात, इथे त्याचा अर्थ आई. जागा त्यांनीच निवडली. माझ्या नकाशावर दुसरी होती, आणि त्यांची जास्त चांगली निघाली : दोन्ही बाजूंना अजून थोडी खारफुटी टिकून आहे.

१९ नोव्हेंबर

इतिहास एकदाच लिहून ठेवतो. निपा इथला नाही. १९०६ साली सिंगापूरच्या वनस्पती उद्यानातून तो इथून पूर्वेकडच्या कलबार बंदरात आणला, किनाऱ्याची धूप थांबावी म्हणून. १९१२ साली ओरोनला लावला. १९४६ साली मलायातून आणखी ६,००० बिया आणून पश्चिमेकडे वाटल्या. पुढचं काम भरती-ओहोटीने केलं.

हे लिहायला एक निमित्त आहे. सहा वर्षं मी कोकणात खारफुटीच्या रोपवाटिकेत काम केलं. गेल्या महिन्यात तिथल्या एका ओळखीच्यांचा फोन आला. खाजणाचा बांध दरवर्षी खचतो, निपाचं बी कुठे मिळेल का, म्हणून विचारत होते. सुंदरबनात निपा आहे, त्याला तिकडे गोलपाता म्हणतात, अंदमानातही आहे. तिथला तो घरचाच. आपल्या खाड्यांत नाही. फोनवर ‘नको’ म्हटलं, पण का ते नीट सांगता आलं नाही. ह्या नोंदी त्यांच्यासाठी, आणि जो कोणी खाडीतलं असं काही उपटायला निघेल त्याच्यासाठी.

२ डिसेंबर

पहिली तोडणी तीन दिवसांत आटोपली. इतक्या लवकर होतंय म्हणून सगळेच खूष होतो. आता कळतंय की तिथेच चुकलो.

झावळीचा बुडखा मांडीएवढा जाड आणि आत स्पंजासारखा, पोकळ्यापोकळ्यांचा. कोयता पहिल्या घावात अर्धा आत जातो आणि तिथेच रुततो. म्हणून पेट्रोलवरची साखळी-करवत भाड्याने आणली. तासाभरात साखळीत चिखल आणि धागे असे गच्च भरले की मोटर जळल्याचा वास यायला लागला. दोन साखळ्या गेल्या, वर भाडं. शेवटी कोयतेच बरे पडले. घाव सरळ न घालता तिरका घालायचा आणि कोयता वर ओढून घ्यायचा, हे त्या दोघांना आधीपासून ठाऊक होतं. करवत आणण्याआधी मी त्यांना विचारायला हवं होतं.

सुकतीला, म्हणजे ओहोटीला, काम करायचं म्हणजे दिवसाला जेमतेम चार-साडेचार तास. त्यामुळे गुडघ्याच्या उंचीवर सपासप कापत गेलो. एका झुबक्याला पाच मिनिटं.

१६ डिसेंबर

दोन आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक बुडख्याच्या मधोमध हिरवा भाला वर आलाय. काही माझ्या वितीएवढे.

एक बुडखा कोयत्याने मधोमध फोडून पाहिला. वाढीचा कोंब झावळ्यांच्या बुडांच्या वेढ्यात, पार चिखलाच्या पातळीखाली बसलेला असतो. पांढरा, कोवळा, मुठीएवढा. आम्ही कापलं ते सगळं त्याच्या वरचं. त्याला धक्कासुद्धा लागला नव्हता. शिवाय झावळी गळून गेली तरी तिचं बूड कामाचं राहतं : त्यातूनच हवा खाली चिखलातल्या खोडाला पोचते. म्हणजे गुडघाभर उंचीचे ३१० श्वासनळकांडे आम्ही व्यवस्थित उभे ठेवले होते.

नवी पद्धत : आधी बुडं चिखलालगत कापायची. मग पहार घालून कोंब खालून सैल करायचा आणि उचकटून काढायचा. हात घालून चाचपायचं, मऊ काही राहिलं तर पुन्हा पहार. एका झुबक्याला अर्धा तास. दोन माणसांचं तीन दिवसांचं काम एकोणीस दिवसांवर गेलं. मजुरी माणशी रोज ६,००० नायरा.

पहार इथे मिळाली नाही. गावातल्या लोहाराने होडीच्या मोडक्या नांगराच्या सळईची करून दिली, आणि ती बाजारच्या पहारीपेक्षा सरस निघाली.

६ जानेवारी २०२४

हरमट्टानचे दिवस. सहाराकडून धूळ येते, सूर्य चंद्रासारखा पांढरा दिसतो, ओठ फुटतात.

आज काम झालं नाही, गावाच्या बैठकीत बसलो. कापलेल्या झावळ्या आम्ही काठावर रचून ठेवल्या होत्या. डिसेंबरअखेरच्या पौर्णिमेच्या उधाणाने तो सगळा ढीग उचलला आणि शेजारच्या वस्तीच्या मासेमारीच्या ओहोळात नेऊन कोंबला. त्यांच्या दोन जाळ्या फाटल्या, एका माणसाचा पाय कापला. त्यांचं म्हणणं पूर्ण रास्त होतं. भरपाई दिली आणि आमच्या माणसांनी एक दिवस जाऊन त्यांचा ओहोळ मोकळा करून दिला. मी स्वतः कमरेएवढ्या पाण्यात होतो. ओल्या झावळीचं वजन किती असतं ते त्या दिवशी नीट कळलं.

मोजमाप करताना झावळ्यांचा हिशेब मी धरलाच नव्हता. ३१० झुबके, प्रत्येकाच्या सहा-सात झावळ्या. तोडणीइतकंच काम त्या बाहेर काढण्याचं आहे.

वाट बायकांनी काढली. इकडे राफिया नावाच्या ताडाच्या पात्यांचे झाप शिवून छपरं शाकारतात. मामांनी निपाचं पातं दोन्ही हातांत धरून ताणलं, कडेला दातांनी चिरून पाहिलं आणि बांबूच्या कांबीवर दुमडून शिवायला बसल्या. तासाभरात हातभर लांबीचा झाप तयार. घट्ट, एकसारखा. राफियापेक्षा जाड आहे आणि शिवायला बोटं दुखतात, असं त्यांचं मत. उरलेले देठ उधाणरेषेच्या वर नेऊन वाळत टाकायचं ठरलं.

२७ जानेवारी

साखरेचा प्रयोग सुरू करतोय. हे मूळ बेतात नव्हतं.

निपा हे साखरेचं झाड आहे. मलेशियात, फिलिपाइन्समध्ये त्याचा दांडा छेदून रस काढतात आणि गूळ करतात. रसात साधारण पंधरा टक्के साखर असते, उसाच्या बरोबरीची. इकडे शंभराहून जास्त वर्षं तो उभा आहे आणि ह्या गावात त्याच्यातून कोणी थेंब काढलेला नाही. गावात राफियाची ताडी काढणारे एक अनुभवी गृहस्थ आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, ह्या झाडात दारू नाही. मी खूप दिवस ह्यावर विचार करतोय. झाड बोटीतून आलं, पण त्याचा दांडा कसा वाकवायचा, कधी छेदायचा, पानं कशी शिवायची हे ज्यांना ठाऊक होतं ती माणसं आली नाहीत. बी आणण्याची सरकारी नोंद आहे, माणसांना विचारल्याची नाही.

मला ह्यात आणखी एक फायदा दिसतो. रस काढायचा तर फळांचा गोळा कापावा लागतो. म्हणजे जितके दांडे रसाला लागतील तितक्यांचं बी खाडीत पडणार नाही. आमच्या पट्ट्याच्या बाहेर, वरच्या अंगाला वीस झुबके ह्यासाठी राखले.

पहिले पाच दांडे सरळ कापले आणि खाली बाटल्या बांधल्या. सकाळी बाटल्या कोरड्या. दांड्याचं तोंड नुसतं ओलसर.

मालवणला आमच्या वाडीतल्या भंडारी आजोबांना फोन केला. सत्तरी ओलांडलीय, आयुष्यभर माडावर चढले. म्हणाले, “तू ठोकलंस तरी काय? पोय मऊ करूक व्हयी आधी. घाय करू नको. माड म्हणजे गायीसारखो, धसमुसळेपणा केलंस तर पान्हो चोरतलो.” माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, हलक्या हाताने रोज ठोकतात, तसं ह्या दांड्याला रोज वाकवून, चोळून, हलवून महिनाभर तयार करावं लागतं, मगच तो सुटतो. ताडीवाल्या काकांना हे समजावून सांगितलं. त्यांनी दांडा हातात घेऊन दोनदा हलवला आणि म्हणाले, “स्मॉल स्मॉल.” इथल्या पिजिनमध्ये त्याचा अर्थ हळूहळू.

आजोबा आणि काका एकमेकांना कधी भेटणार नाहीत. भेटले असते तर त्यांना दुभाष्या लागला नसता.

२४ फेब्रुवारी

रस आला.

काकांनी चार आठवडे रोज सकाळी दहा दांडे चोळले. फळं अर्धी भरलेले, ताठ पण लवचिक असे दांडे निवडले होते. परवा गोळे कापले. दहापैकी सहा सुटले. एकेका दांड्याला रात्रीतून पाव ते अर्धा लिटर. थेंब अगदी तोंडाशी फुगतो, जड होतो, लोंबतो आणि मग सुटतो. घड्याळ लावून मोजलं तर मिनिटाला वीस-बावीस. रोज सकाळ-संध्याकाळ तोंडाची नखाएवढी पातळ चकती कापायची, नाहीतर ते बुजतं. सुरीला धार वस्तऱ्यासारखी हवी. चेपून कापलं तर त्या दिवशीचा रस गेला.

पहिल्या दिवशीचा रस मात्र वाया गेला. मी होडीने पोचेपर्यंत दहा वाजले आणि बाटल्यांत फेस आला होता. गुळाला निरुपयोगी. काकांनी घोट घेतला, डोळे मिटले, बाटली शेजाऱ्याकडे दिली आणि मला म्हणाले की आपण ह्या झाडाबद्दल चुकलो होतो. इतक्या साधेपणाने, इतक्या माणसांसमोर चूक मान्य करणारा माणूस मी फार वेळा पाहिलेला नाही.

नीरा टिकवायला आपल्याकडे मडक्याला आतून चुना लावतात. इथे चुना शोधण्यात दोन आठवडे गेले. शेवटी पेरिविंकलची शंखं भाजून बायकांनीच केला. रस उन्हं वर यायच्या आत उतरवायचा आणि लगेच चुलीवर.

२ मार्च

चार लिटर रसाचा अर्धा किलोला थोडा जास्त गूळ. आधी फेस येतो तो झाऱ्याने काढत राहायचं, मग काकवीसारखा रंग, मग मोठे संथ बुडबुडे. गार पाण्यात थेंब टाकून गोळी धरते का पाहायचं. रंग गडद तपकिरी, गोव्याच्या माडाच्या गुळासारखा. चव मागाहून किंचित खारी लागते.

एक मोठी चूक झाली आणि ती लपवायची नाही. कढई उकळायला लागेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की चुलीत जळतंय ते खारफुटीचं लाकूड आहे. इथे मासे धुरवायला घरोघरी तेच वापरतात. संथ, गरम, भरपूर वेळ जळतं. ज्या झाडासाठी आम्ही हे सगळं करतोय त्याचंच सरपण करून निपाचा गूळ केला. कढई तशीच उतरवली असती तर रसही गेला असता, म्हणून तेवढी पुरी केली आणि पुढची थांबवली.

आता जळण निपाचेच वाळलेले देठ. ते तीन आठवडे वाळावे लागतात, धूर खूप करतात, भसकन पेटतात आणि विझतात. कोणीतरी सतत बसून सारावे लागतात. तरी तेच वापरायचं.

१६ मार्च

ह्या अमावास्येच्या उधाणाने सगळं पुन्हा उघडं पाडलं. विषुवदिनाच्या आसपासची उधाणं मोठी असतात, हे कोकणातही अनुभवलेलं. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात आज निपाच्या २१७ बिया वेचल्या. एकेक बी मुठीएवढी, कंगोरेदार, आतून तंतूंची, नारळासारखीच तरंगणारी. बऱ्याच बियांना झाडावरच कोंब फुटलेला असतो. त्या चिखलाला टेकायचा अवकाश, मुळं धरतात.

तोडणी अवघड वाटत होती, पण खरं काम हे आहे. दहा गुंठे साफ करता येतात. पण वरच्या अंगाला मैलोन्‌मैल निपा उभा आहे आणि त्याची फळं दर भरतीला दाराशी येतात.

तीन उपाय केले. पहिला : ओहोळाच्या तोंडाशी मासेमारीची जुनी जाळी आडवी बांधली. दुसऱ्याच भरतीला पाण्यावरच्या पालापाचोळ्याच्या वजनाने ती खांबांसकट गेली. ३८,००० नायरांचं नुकसान. दुसरा : बीमागे दहा नायरा जाहीर केले. दोन आठवड्यांत पोरांनी हजारोंनी बिया आणल्या, पण त्यातल्या बहुतेक आमच्या पट्ट्याबाहेरच्या झाडांवरून तोडलेल्या, कच्च्या. आमच्या चिखलातल्या तशाच. पोरांचा काही दोष नाही, मी सांगितलंच तसं होतं. महिन्याचे पैसे पंधरा दिवसांत संपले. तिसरा : सहा बायकांना दर उधाणानंतर दोन दिवसांची ठरलेली मजुरी, बाईमागे रोज ४,००० नायरा, आणि बिया फक्त दोरीच्या आतल्या. हा टिकला. त्या पेरिविंकल वेचायला जाताना वाटेत हेही करतात, टोपलीही तीच.

वेचलेल्या बिया जाळायच्या किंवा गावात उंचावर पुरायच्या. काठावर टाकायच्या नाहीत. एकदा टाकल्या होत्या, पुढच्या उधाणाला त्याच परत आल्या.

२० एप्रिल

खारफुटीची लागवड. शिल्लक झाडांखालून आणि फांद्यांवरून पिकलेल्या शेंगा जमवल्या. आपल्या कांदळासारखंच, शेंग झाडावरच रुजून लांब होते आणि टोकाने चिखलात शिरते. शेंगेचा आणि टोपीचा सांधा पिवळसर झाला की पिकली, ओढून काढायची नाही. मीटरभर अंतरावर १,००० लावल्या. दोन दिवस लागले. सगळा गाव पाहायला आला होता.

११ मे

हजारातल्या साडेसहाशे आडव्या किंवा गायब.

चिखलात हात घालून पाहिलं तर कोपरापर्यंत सरळ आत गेला आणि बाहेर आला तो काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा. निपाच्या मुळांचं जाळं खाली कुजतंय. जोवर ते जिवंत होतं तोवर चिखल धरून होतं. आता वरचा थर दह्यासारखा हलतो आणि शेंग त्यात उभी राहत नाही. पुढच्या ओळी मोटरबोटींच्या लाटांनी उपटल्या. काही शेंगा खेकड्यांनी गोल कुरतडून टाकल्या.

कोकणात मी ज्या चिखलात लावत होतो तो कधी कोणी असा पोखरलेला नव्हता. तिथली सवय इथे आणली. तोडणी आणि लागवड ह्यांच्यामध्ये निदान एक पावसाळा जायला हवा होता. मामा तेव्हा म्हणाल्या होत्या की चिखल अजून बसलेला नाही. मी दात्यांना एप्रिल म्हणून कळवलं होतं.

आता बदल असा : शेंगा आधी पिशव्यांत वाढवायच्या, चार-सहा पानं आली की लावायच्या. प्रत्येकीला निपाच्या देठाची खुंटी. काठालगतच्या दोन ओळी सोडून द्यायच्या आणि तिथे देठांचंच आडवं कुंपण, दोन पदरी, राफियाच्या दोरीने बांधलेलं, लाट मोडायला. चिखलाचा हात कोपरापर्यंत न जाता मनगटाशी अडला, की मगच तिथे लावायचं. ही मोजणी आता बायका स्वतः करतात.

१३ जुलै

पाऊस. जूनपासून चारच फेऱ्या झाल्या. एकदा इंजीन बंद पडलं, एकदा हिवताप. मागच्या आठवड्यात पाण्यावर तेलाचा तवंग आला, इंद्रधनुष्यासारखा, दोन दिवस राहिला. रोपांची खालची पानं चिकट झाली. ओगोनीच्या भागात तेलाने मेलेल्या खारफुटीच्या जागी निपा कसा भरून येतो ते मी पाहिलंय. त्यामुळे तवंग दिसला की पोटात गोळा येतो. ह्या वेळी निभावलं.

नोव्हेंबरात पेट्रोल साडेसहाशे नायरांच्या आसपास लिटर होतं, आता चढतच चाललंय. फेरीला पंचवीस लिटर लागतं. म्हणून दर शनिवारऐवजी एक शनिवार आड.

७ सप्टेंबर

गणेश चतुर्थी. ह्या वर्षी ती शनिवारी आली, म्हणून गावातच होतो.

गूळ पुरेसा साठला होता, खोबरं इथे मुबलक, तांदूळ भिजवून मामांच्या ओट्यावर दळला. निपाच्या गुळाचं सारण केलं. त्या गुळाला पाणी सुटतं, परतायला जास्त वेळ लागतो, शेवटी चिमूटभर तांदळाची पिठी घातली तेव्हा आळलं. मोदक एकवीस. उकड इथल्या तांदळाची म्हणून कळ्या नीट पडल्या नाहीत. सारणातला तो किंचित खारेपणा खोबऱ्याबरोबर इतका जमून गेला की आईला कळवलं, यंदा मिठाची कणी घालायची गरज पडली नाही.

मोदक खाताना पुढची गोष्ट निघाली. काकांचे दोन पुतणे आता शिकलेत, चौदा दांडे चालू आहेत. बाजारात गूळ विकला जाईल असं दिसतंय. मला त्याची भीती वाटते आणि मी ती बोलून दाखवली : पैसा यायला लागला तर निपा कोणी काढणार नाही, उलट लावतील. मामांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, निपा लावायची कुणाला काय गरज, तो आहेच सगळीकडे. पण आमच्या पेरिविंकलच्या जागेत तो येणार नाही, एवढं आम्ही पाहू. मग बायकांनी आणि काकांनी मिळून हद्द ठरवली. वरच्या वाकणापलीकडे रस, अलीकडे खारफुटी. रसाच्या बाजूला एकही गोळा पिकू द्यायचा नाही, पिकलेला दिसला तर त्या आठवड्याचा रस बंद. माझी भीती पुरती गेलेली नाही, पण नियम त्यांनी केलाय आणि मोडणारा त्यांच्याच घरातला असेल. माझ्या नियमापेक्षा तो जास्त चालेल.

२ नोव्हेंबर

कालच्या अमावास्येचं उधाण ओसरल्यावर मोजणी केली. कोंब उचकटलेल्या ३१० जागांपैकी २३ ठिकाणी बाजूच्या फाट्यातून पुन्हा फूट आहे. ती काढली. दर तीन महिन्यांनी एकदा हात फिरवावा लागेल, किती वर्षं ते आज सांगता येणार नाही.

३० नोव्हेंबर

वर्षाचा हिशेब.

शेंगा आणि पिशवीतली रोपं मिळून १,९०० लावली. जिवंत ७४०. त्यातली पिशवीतली ५१५, म्हणजे पिशवीतल्या नऊशेपैकी निम्म्याहून जास्त. थेट लावलेल्या हजारातल्या २२५. पहिल्या दिवसापासून पिशव्या वापरल्या असत्या तर निदान चार महिने वाचले असते.

खर्च : होडी आणि पेट्रोल साधारण १३ लाख ३० हजार नायरा, बायकांची मजुरी ७ लाख २० हजार, कोयतेवाले २ लाख ६४ हजार, बाकी साखळ्या, जाळी, बिया, भरपाई, पिशव्या मिळून अडीच लाख. एकूण २५ लाख ६४ हजार. अर्ध्याहून जास्त पैसा माझ्या येण्याजाण्यात गेला. कोणी हे करणार असेल तर त्याने खाडीकाठीच राहावं, किंवा गावातल्याच कोणाच्या हातात पहिल्यापासून वही द्यावी. पुढच्या महिन्यापासून वही मामांच्या धाकट्या सुनेकडे. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

कोकणातल्या ओळखीच्यांना आज सविस्तर लिहिलं : बी पाठवत नाही. बांधासाठी तिवर आणि कांदळ लावा, रोपं मी इथूनही सांगून मिळवून देतो. चिखलाच्या पातळीचे चार फोटो काढून पाठवा.

पेरिविंकल मोजायला अर्धा मीटर चौरस लाकडी चौकट केली आहे. मागच्या वर्षी निपाखाली दहा वेळा टाकली तेव्हा सगळ्या मिळून तीन सापडल्या होत्या. आज दहा वेळा टाकली : ८७. शेजारच्या जुन्या खारफुटीत एकाच चौकटीत तीस-पस्तीस असतात, तेव्हा अजून खूप बाकी आहे. पण एका रोपाच्या पहिल्या आधारमुळाला, जे अजून माझ्या करंगळीएवढंसुद्धा नाही, दोन पिल्लं चिकटलेली होती, तांदळाच्या दाण्याएवढी.

परतताना मामा होडीच्या कडेला वाकल्या आणि पाण्यातून एक निपाची बी उचलली. कोंब बोटभर बाहेर आलेला. ती त्यांनी टोपलीत टाकली. टोपलीत आधीच्या चाळीसेक होत्या. पुढचं उधाण १५ डिसेंबरच्या पौर्णिमेचं, फेरी १४ तारखेला, सकाळी सहाला.